स्थावर आणि जंगम

वेस्ट इंडीजमधले बार्बाडोस हे एकेकाळच्या इंग्रजी वसाहतीचे बेट बहुतांशी प्रवाळाच्या दगडाचे आहे. ईशान्येकडचा डोंगराळ भाग, ज्याला तिथे स्कॉटलंड म्हणतात, तेवढा सोडला तर बेटाचा सुमारे ८५ टक्के पृष्ठभाग या पांढुरक्या चुनखडीने व्यापलेला आहे आणि थोडी माती उकरली की तो दगड हाताला लागतो. खाणीतून नुकताच निघालेला हा दगड करवतीने कापता येतो आणि उघड्यावर राहिला की हळूहळू टणक होत जातो. कोकणातल्या जांभ्याचे चिरे घडवताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा गुण ओळखीचा वाटेल. ब्रिजटाऊनमधली १८७०च्या दशकात उभी राहिलेली संसदेची इमारत याच दगडाची आहे. जुनी चर्च याच दगडाची आहेत. आणि उसाच्या मळ्यांच्या मधोमध उंचवट्यावर बांधलेले मळेवाल्यांचे वाडेही याचेच आहेत.

मात्र याच बेटावर ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या जन्मल्या आणि खपल्या, त्या ऊस तोडणाऱ्या, एकेकाळी गुलाम असलेल्या आफ्रिकी वंशाच्या माणसांची घरे लाकडाची, आणि तेही उत्तर अमेरिकेतून जहाजाने येणाऱ्या पाइनच्या फळ्यांची. समुद्रापलीकडून आलेल्या मालकाने घर बांधले ते बेटाच्या दगडाचे आणि बेटावर जन्मलेल्या मजुराने बांधले ते समुद्रापलीकडून आलेल्या लाकडाचे. हा उलटा हिशेब कसा जमला, हे समजून घेतल्याशिवाय बार्बाडोसमधली कोणतीही जुनी वास्तू नीट पाहता येत नाही, असे मला ती घरे पाहून आल्यापासून ठामपणे वाटते. मराठी माणसाला हे बेट केन्सिंग्टन ओव्हलमुळे ठाऊक आहे. १९७१ साली पदार्पणाच्या मालिकेत सुनील गावसकरांनी तिथे नाबाद ११७ धावा केल्या आणि २९ जून २०२४ रोजी भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक तिथेच उचलला. त्या मैदानापासून दहा-पंधरा मिनिटे चालत आतल्या गल्ल्यांत शिरले, तर मी ज्या घरांविषयी लिहिते आहे ती दिसू लागतात.

पण आधी मोठ्या घराविषयी. सेंट पीटर परगण्यात सेंट निकोलस ॲबी नावाचा वाडा आहे. ॲबी म्हणजे मठ. पण इथे मठ कधीच नव्हता, हे पहिल्यापासून ऊसमळ्याचेच घर. बांधकाम साधारण १६५८चे, म्हणजे शिवाजी महाराज जावळी घेऊन कोकणात उतरत होते त्या काळातले. बेंजामिन बेरिंजर या मळेवाल्याने ते बांधले. दर्शनी बाजूला तीन वळणदार, नागमोडी कडांची शिखरे, त्यांच्या टोकांवर दगडात कोरलेले कळस आणि भिंतींच्या वर निघालेली धुराडी. या शैलीला इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या काळावरून जॅकोबियन म्हणतात. तसे खरेखुरे जॅकोबियन वाडे सबंध अमेरिका खंडात तीनच उरले आहेत. त्यांतला एक व्हर्जिनियात आहे आणि उरलेले दोन, सेंट निकोलस ॲबी आणि ड्रॅक्स हॉल, या साडेचारशे चौरस किलोमीटरहूनही लहान बेटावर आहेत.

वरच्या मजल्यावरच्या निजायच्या खोल्यांत शेकोटीचे कोनाडे आहेत. जिथे पाऱ्याने वीस अंशांच्या खाली जाण्याचे प्रसंग विरळा, तिथे भिंतीत शेकोटी कशासाठी, हा प्रश्न प्रत्येक पाहुण्याला पडतो. नकाशे इंग्लंडमधून तयार होऊन आले आणि गवंड्यांनी ते जसेच्या तसे उभारले, असे तिथे सांगतात. मला ते कोनाडे बघताना हसू आले नाही. ज्या माणसाला आपण परत जाऊ अशी खात्री वाटते, किंवा जिथे आहोत ते ठिकाण आपले म्हणून मानायचेच नसते, तो असेच घर बांधणार. या बेटातून साखर काढायची, त्या पैशाने इंग्लंडमधल्या सरदाराच्या घराची प्रतिकृती उभी करायची आणि तिच्यात बसून आपण कोणी तरी झालो असे म्हणायचे, एवढाच त्या वास्तूचा हेतू असावा. बेरिंजर १६६१ मध्ये गेला आणि त्याच्या विधवेशी जॉन येमन्सने लग्न केले. हाच येमन्स पुढे उत्तर अमेरिकेतल्या कॅरोलायना वसाहतीचा गव्हर्नर झाला. बार्बाडोसच्या मळेवाल्यांनी त्या वसाहतीत जाताना साखरेचा पैसा नेला आणि गुलामगिरीचा कायदाही नेला, त्यामुळे या वाड्याच्या जिन्यावर उभे राहून अमेरिकेच्या दक्षिणेकडचा इतिहासही दिसू लागतो.

घर देखणे आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. दारापुढची कमानींची ओटी नंतरच्या शतकातली आहे आणि तिच्यातून आत शिरताना जो गारवा अंगाला लागतो, तो जाड भिंतींचा. जिन्याचा कठडा चिनी नक्षीच्या चौकटींचा आहे. त्या चौकटींचे सांधे मी जवळून, अगदी नाक लावून पाहिले: प्रत्येक तिरकी पट्टी दुसरीत खाच पाडून बसवलेली, आणि शेकडो हातांनी घासून कडा गुळगुळीत झालेल्या. ज्याने ते सांधे बसवले त्या सुताराचे नाव मात्र वाड्यात कुठे लिहिलेले मला दिसले नाही. तेव्हाच्या मालक घराण्याने १९३०च्या दशकात घेतलेले मूक चित्रीकरण तिथे दाखवतात. त्यात पवनचक्की फिरते आहे, ऊस तुटतो आहे, गाड्या भरल्या जात आहेत. गुलामगिरी संपून शंभर वर्षे होऊन गेलेली आहेत आणि तरी त्या पडद्यावर कोण उभे आहे नि कोण वाकलेले आहे, यात फारसा फरक पडलेला नाही.

इंग्रजी नकाशाची घरे इथे टिकायला शिकली ती वादळांमुळे. ऑक्टोबर १७८०च्या चक्रीवादळात एकट्या बार्बाडोसमध्ये चार हजारांवर माणसे गेली आणि ऑगस्ट १८३१च्या वादळाने बेटावरच्या असंख्य वास्तू पुन्हा जमिनीवर आणल्या. त्यानंतर बांधलेल्या घरांत छपराभोवती उंच कठडा आला, म्हणजे वारा पाख्याखाली शिरून छप्पर उचलणार नाही. एका मोठ्या छपराऐवजी तीन-चार लहान छपरे आली. वळचणी आखूड झाल्या. २०२४ मध्ये विश्वचषक जिंकलेला आपला संघ बेरिल वादळामुळे त्याच बेटावर अडकून पडला होता, हे अनेकांना आठवत असेल. त्या दिवसांत टीव्हीवर पाऊस आणि वारा पाहताना मला त्या आखूड वळचणींचा अर्थ कळला होता.

आता कायद्याकडे वळते, कारण या बेटावर घराचा आकार गवंड्याइतकाच कायद्याने ठरवला. १६६१ साली बार्बाडोसच्या विधिमंडळाने गुलामांसंबंधीची सविस्तर संहिता केली, जी पुढे इतर इंग्रजी वसाहतींसाठी नमुना ठरली. त्यानंतर १६६८ साली आणखी एक कायदा झाला, ज्याने बेटावरच्या आफ्रिकी गुलामांना स्थावर मालमत्ता ठरवले. हेतू व्यवहाराचा होता: मालक मेला तर मळा एका वारसाकडे आणि मजूर दुसऱ्याकडे अशी वाटणी होऊ नये, जमिनीला विहीर आणि झाडे जशी चिकटलेली असतात तशी माणसे चिकटलेली राहावीत. विधिमंडळात बसलेल्या मळेवाल्यांनी हे ठराव शांतपणे, वाक्यरचना तपासून मंजूर केले असतील, याचा विचार मला त्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत वारंवार येत राहिला.

१ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली आणि 'उमेदवारी'च्या नावाखालची चार वर्षांची वेठ भोगून १८३८ मध्ये माणसे खऱ्या अर्थाने मोकळी झाली. ब्रिटिश सरकारने भरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले, ते मालकांना. ड्रॅक्स हॉलच्या मालकाला १८९ माणसांबद्दल ४,२९३ पौंड, १२ शिलिंग आणि ६ पेन्स मिळाले. हिशेब पेन्सपर्यंत चोख आहे. त्या १८९ माणसांना काय मिळाले, तर स्वतःचे शरीर. जमीन नाही, घर नाही.

आणि जमीन मिळणार तरी कुठून? जमैकात डोंगर होते, त्रिनिदाद आणि ब्रिटिश गयानात ओसाड पडीक जमीन होती. तिथली मोकळी झालेली माणसे मळे सोडून दूर गेली आणि त्यांनी आपापली गावे वसवली. बार्बाडोसमध्ये टोकापासून टोकापर्यंत ऊस उभा होता आणि तो मळेवाल्यांचा होता. मजुरांना जायला जागाच उरली नव्हती. या एका गोष्टीचा संबंध थेट आपल्या देशाशी पोहोचतो. त्रिनिदाद आणि गयानातल्या मळेवाल्यांना मजूर कमी पडले म्हणून १८३८ मध्ये गयानाला आणि १८४५ मध्ये त्रिनिदादला भारतातून करारबद्ध मजुरांची जहाजे गेली. पुढच्या ऐंशी वर्षांत त्रिनिदादला सुमारे १ लाख ४४ हजार आणि गयानाला सुमारे २ लाख ३९ हजार माणसे नेली गेली. बार्बाडोसला अशी जहाजे लागली नाहीत, कारण तिथला मजूर कुठे जाऊच शकत नव्हता. त्रिनिदादच्या रस्त्यांवर उसमळ्यांशेजारी भारतीय वंशाच्या हिंदूंची जी पूजेच्या झेंड्यांची अंगणे दिसतात ती बार्बाडोसला दिसत नाहीत, त्यामागे ही जमिनीची अडवणूक आहे.

मळेवाल्यांनी मोकळ्या झालेल्या माणसांना मळ्याच्या कडेला, खडकाळ किंवा निकस जमिनीवर, घरापुरता तुकडा भाड्याने द्यायला सुरुवात केली. अट अशी की कुळाने त्याच मळ्यावर काम करायचे. १८४०च्या कायद्याने ही अट पक्की केली. काम सोडले, मजुरीवरून वाद घातला किंवा मुकादमाची मर्जी गेली की जागा सोडावी लागे. अशा माणसाने दगडाची भिंत घातली तर ती मालकाच्या पदरात पडणार. म्हणून त्याने असे घर शोधून काढले, जे उचलून नेता येईल. जमीन मालकाची, घर कुळाचे. जमीन स्थावर, घर जंगम. इंग्रजी कायद्यात जंगम मालमत्तेला जो शब्द आहे त्यावरूनच या घरांना चॅटल हाउस म्हणतात. एकशे सत्तर वर्षांपूर्वी त्याच बेटावर माणसाला स्थावर ठरवले होते; आता मोकळ्या माणसाचे घर जंगम झाले. दोन्ही वेळा जमीन त्याच घराण्यांकडे होती.

चॅटल हाउस जवळून पाहायचे तर जोत्यापासून सुरुवात करावी, कारण त्याला जोते नसते. प्रवाळाचे ओबडधोबड दगड एकावर एक, चुना किंवा माती न लावता, कोपऱ्यांवर आणि मध्ये रचलेले असतात. त्यांवर जाड तुळया टेकलेल्या आणि त्या तुळयांवर सगळे घर. पावसाचे पाणी खालून वाहून जाते, हवा खेळती राहते, वाळवीला लगेच चढता येत नाही. एका निवृत्त सुताराने मला त्या दगडांशेजारी उकिडवे बसायला लावले आणि तुळई नि दगड यांच्यामध्ये सारलेली बोटभर जाडीची लाकडी चीप दाखवली. घर समपातळीत आणण्याचे सगळे कसब त्या चिपेत आहे, असे त्याचे म्हणणे. लहानपणी आपल्या बापाबरोबर त्याने एक सबंध घर सकाळी उतरवून दुसऱ्या गावात नेलेले पाहिले होते: आधी छपराचे पत्रे, मग वासे, मग चारही भिंती अख्ख्या चौकटीनिशी आणि शेवटी तळ. शेजारी मदतीला येत, बायका जेवण रांधत आणि घरमालकीण आरसा आणि काचेची भांडी स्वतः उचलून चालत जाई. भिंती एकसंध चौकटींत बांधलेल्या असल्यामुळेच हे शक्य होते. फळ्या सम फुटांच्या मापात येत, म्हणून घरांची लांबी-रुंदीही त्याच मापात; तोडायला नको, वाया जायला नको.

पुढून पाहिले तर घर अत्यंत नेमके दिसते. मधोमध दार, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी. छप्पर चांगले उभे, म्हणजे पावसाचे पाणीही साचत नाही आणि वाऱ्यालाही पकड मिळत नाही. खिडकीला काच नसे. लाकडी पट्ट्यांच्या झिलमिळ्या, दोन बाजूंना उघडणाऱ्या आणि वरच्या भागात एक बाहेर ढकलून टेकवायची. त्यामुळे ऊन अडते, वारा येतो आणि घरातल्याला रस्ता दिसतो, पण रस्त्यावरच्याला घर दिसत नाही. खिडकीवर घंटेच्या आकाराची लाकडी झालर असते आणि वळचणीखाली नक्षीची पट्टी. कुटुंब वाढले, चार पैसे जमले की मागे तेवढ्याच मापाचा दुसरा खण जोडायचा आणि त्याच्यामागे उतरत्या छपराची पडवी. घराकडे बाजूने पाहिले की त्या कुटुंबाची चढती वर्षे मोजता येतात. मळेवाल्याच्या वाड्याच्या दर्शनी भागातली समतोल मांडणी या घरानेही घेतली आहे, असे वास्तुकलेचे अभ्यासक दाखवून देतात. मला त्यात नक्कल दिसत नाही. दोन-तीन खोल्यांचे, उद्या उचलावे लागेल असे घर बांधतानाही दाराच्या दोन्ही बाजूंना सारखेच अंतर ठेवायचा जो आग्रह त्या सुतारांनी धरला, त्यात मोठा स्वाभिमान होता.

या घरांची दुबळी बाजू सांगायला हवी. सप्टेंबर १९५५च्या जॅनेट वादळाने अशी हजारो घरे मोडून टाकली. आग लागली तर काही मिनिटांचा खेळ. हलवता येते म्हणून ते घर मुक्त होते असे म्हणणे म्हणजे हाकलले जाण्याच्या भीतीला गोंडस नाव देणे आहे, आणि पर्यटकांसाठीच्या माहितीपत्रकांत नेमके तेच केलेले आढळते.

ही अडवणूक पहिल्यांदा सैल झाली ती पनामा कालव्याच्या पैशाने. १९०४ ते १९१४ या काळात हजारो बार्बाडोसकर तिथे खोदकामाला गेले. त्यांनी पाठवलेल्या आणि परत आणलेल्या पैशातून काही कुटुंबांनी मोडीत निघालेल्या मळ्यांचे तुकडे विकत घेतले. पण बहुसंख्य कुळे तशीच राहिली. त्यांच्यासाठीचा बदल निघाला तो ब्रिजटाऊनजवळच्या टायरॉल कॉट नावाच्या घरातून. हे घर १८५४ साली विल्यम फार्नम या बांधकाम व्यावसायिकाने बांधले. प्रवाळाचा दगड आणि जहाजांत वजनासाठी भरून आणलेल्या विटा यांचे ते बांधकाम. १९२९ पासून तिथे ग्रँटली ॲडम्स राहत होते. बार्बाडोसचे पहिले प्रीमियर, म्हणजे ब्रिटिश राजवटीतले सरकारप्रमुख, आणि वेस्ट इंडीज संघराज्याचे एकमेव पंतप्रधान ते हेच. त्यांचा मुलगा टॉम ॲडम्स १९३१ साली जन्मला, पुढे पंतप्रधान झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत, १९८० मध्ये, कुळांना राहत्या जागेची मालकी देणारा कायदा झाला. ठराविक वर्षे मळ्याच्या जमिनीवर राहिलेल्या कुळाला आपली जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला, भाव चौरस फुटाला दहा सेंट. आज नॅशनल ट्रस्टने जपलेल्या त्या घराच्या आवारात चॅटल हाउसांची लहानशी वाडी उभारलेली आहे. बेटावरच्या सगळ्या ऐतिहासिक वास्तूंमध्ये मला हे आवार सर्वांत मोलाचे वाटले, कारण दगडाचे घर आणि लाकडाचे घर तिथे एकाच कुंपणात आहेत आणि दोघांना जोडणारा धागा तिथल्याच माणसांनी कायद्यात बसवला आहे.

मालकी मिळाल्यावर माणसांनी जे केले ते स्वाभाविक होते. त्यांनी भिंती घातल्या. आधी मागची पडवी काढून तिथे सिमेंटच्या ठोकळ्यांची न्हाणी आणि स्वयंपाकघर, मग मधला खण आणि शेवटी, पुष्कळ वर्षांनी, पुढचे लाकडी घर. पक्क्या घराला तिथे वॉल हाउस म्हणतात आणि ते असणे प्रतिष्ठेचे मानतात. त्यामुळे जुनी चॅटल हाउसे झपाट्याने कमी होत आहेत. झिलमिळ्या जुळवणारे सुतारही कमी होत आहेत. किनाऱ्यावर मात्र त्याच आकाराची, गुलाबी-फिरोजी रंगांची दुकाने पर्यटकांना टोप्या आणि रम विकत उभी आहेत. वास्तू जपणाऱ्यांना याची हळहळ वाटते आणि मलाही त्या झिलमिळ्यांसाठी वाटली. पण जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनीवर दगड रचून घर टेकवले, त्या बाईने स्वतःच्या जमिनीत पाया खणला तर तिला वारशाचे महत्त्व समजावायला जाण्याचा अधिकार माझ्यासारख्या पाहुणीला नाही. जपायचेच असेल तर सुतारांचे कसब जपावे; जी घरे मालकांनी आपखुशीने ठेवली आहेत त्यांच्या डागडुजीला सरकारने पैसे द्यावेत; आणि उरलेल्यांची मापे, चौकटींचे सांधे, घर कुठून कुठे हलवले गेले याच्या कहाण्या, सांगणारी माणसे आहेत तोवर लिहून घ्याव्यात. २०११ साली ब्रिजटाऊन आणि तिथल्या लष्करी छावणीला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात बंदर, कोठारे, बराकी, चर्च आहेत. मळ्याकाठच्या लाकडी घरांच्या ओळींकडे तितक्याच गांभीर्याने कधी पाहिले जाईल, याची मी वाट पाहते आहे.

सेंट जॉर्ज परगण्यातला ड्रॅक्स हॉल अजून उभा आहे. १६५०च्या दशकात जेम्स ड्रॅक्सने तो बांधला. बेटावर साखरेचे उत्पादन फायद्याचे करून दाखवणाऱ्या पहिल्या काही मळेवाल्यांपैकी तो एक. वाडा, जमीन आणि तीवरचा ऊस आजही त्याच घराण्याकडे आहे. बार्बाडोस २०२१ मध्ये प्रजासत्ताक झाले तरी त्यात बदल झाला नाही. २०२४ मध्ये सरकारने त्यातली ५३ एकर जमीन घरबांधणीसाठी विकत घ्यायचे ठरवले, तेव्हा बेटावर संताप उसळला. मालक रिचर्ड ड्रॅक्स त्या वेळी ब्रिटिश संसदेत खासदार होते. ज्यांना १८९ माणसांबद्दल एकदा भरपाई मिळाली त्यांनाच त्या माणसांच्या वंशजांच्या घरांसाठी दुसऱ्यांदा पैसे का मोजायचे, असा लोकांचा सवाल होता. एप्रिलमध्ये पंतप्रधान मिया मॉटली यांनी व्यवहार थांबवला. ड्रॅक्स हॉलचा वाडा पाडावा असे मला वाटत नाही. त्याची शिखरे, जिना, दगड सगळे राहावे, शाळेच्या मुलांनी तिथे येऊन १६६८चा कायदा आणि १८३६च्या आसपासची ती भरपाईची पावती वाचावी. पण भोवतालच्या जमिनीवर घरे व्हावीत, पाया खणून, आणि त्यांच्यासाठी भाव ठरवायचा असेल तर बोलणी १९८० मध्ये कुळांनी मोजलेल्या दहा सेंटांपासून सुरू व्हावीत.